चाके सायकलची, झेप जीवदानाची

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, अकोला–पूर्णा लोहमार्गावर जऊळका हे लहानसे स्थानक आहे. पंचक्रोशीत गावाचे नाव ‘जऊळका रेल्वे’ असेच घेतले जाते. एकेकाळी येथून मीटरगेजची गाडी जात असे. आता मार्ग रुंद झाला आहे. मुंबई व नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही मालेगाव तालुक्यातून गेला आहे. दळणवळणाच्या दृष्टीने हा भाग आता आडवळणाचा राहिलेला नाही. तरीही अशा प्रत्येक गावाला एक प्रश्न विचारावा लागतो. शेतात ट्रॅक्टर उलटून कोणी त्याखाली सापडला, रात्री रस्त्यावर दुचाकीस्वार पडून राहिला, कोणाला विषारी साप चावला किंवा बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना, तर योग्य उपचार त्या माणसापर्यंत किती मिनिटांत पोहोचतात?

या प्रश्नाचे एक उत्तर जगातील काही देशांनी आकाशातून दिले. तेथे डॉक्टरला घेऊन हेलिकॉप्टर थेट रुग्णाजवळ उतरते. त्या हेलिकॉप्टरच्या इंधनासाठी सामान्य नागरिक शेकडो किलोमीटर सायकल चालवून निधी जमवतात, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. दानाची परंपरा असलेल्या समाजाने या प्रथेचे अर्थकारण समजून घेणे उपयुक्त ठरेल.

‘गोल्डन अवर’ची कल्पना

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर शहरात डॉ. आर. ॲडम्स कौली हे शल्यचिकित्सक होते. गंभीर जखमी व्यक्तीवर पहिल्या तासाभरात योग्य उपचार झाले, तर तिचे प्राण वाचण्याची शक्यता फार वाढते, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला. ‘गोल्डन अवर’ हा शब्दप्रयोग त्यांच्याच नावाशी जोडला जातो. केवळ विचार मांडून ते थांबले नाहीत. १९७० मध्ये मेरीलँडच्या पोलीस दलाची हेलिकॉप्टरे अपघातग्रस्तांना उचलून थेट रुग्णालयात आणू लागली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला जर्मनीत म्युनिक येथे ‘क्रिस्टोफ १’ हे जीवरक्षक हेलिकॉप्टर सेवेत आले. पर्वतमय स्वित्झर्लंडमध्ये तर १९५२ पासूनच ‘रेगा’ ही संस्था हवाई बचावकार्य करीत होती.

भारतीय कायद्यानेही ही कल्पना स्वीकारली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ची व्याख्या दिली: गंभीर दुखापतीनंतरचा एक तास, ज्यात तातडीचे उपचार मिळाल्यास मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असते. या व्याख्येचे महत्त्व एका आकड्यावरून ध्यानात येते. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ प्रवासी गेले, ती घटना विदर्भ अजून विसरलेला नाही. असे मोठे अपघात वृत्तपत्रांतून सर्वांपर्यंत पोहोचतात. एकेकट्या जखमींचे रस्त्याकडेचे मृत्यू मात्र त्यांच्या घरापुरतेच राहतात.

खर्च कोण करते?

हेलिकॉप्टर ही अत्यंत खर्चिक वस्तू आहे. ते विकत घेणे हा एक खर्च झाला. ते रोज सज्ज ठेवणे हा त्याहून मोठा आणि कधीही न संपणारा खर्च होय. वैमानिक, डॉक्टर व प्रशिक्षित सहायक यांचे वेतन, इंधन, विमा, ठरावीक तासांनंतर होणारी सक्तीची देखभाल आणि सततचे प्रशिक्षण, हे सारे एकाही रुग्णाला न उचलता गेलेल्या दिवशीही द्यावेच लागते.

ब्रिटनने हा भार उचलण्याची जी रीत बसवली, ती लक्षणीय आहे. तेथील रुग्णालये सरकारी पैशाने चालतात. परंतु इंग्लंड व वेल्समधील जीवरक्षक हेलिकॉप्टर सेवा मुख्यतः धर्मादाय संस्था चालवतात. पहिली कायमस्वरूपी सेवा १ एप्रिल १९८७ रोजी कॉर्नवॉल या टोकाच्या, समुद्राने वेढलेल्या परगण्यात सुरू झाली. मोठ्या रुग्णालयापासून दूर असलेल्या त्या मुलखाची अडचण जऊळक्याच्या माणसाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे हे लोण देशभर पसरले. ब्रिटनचे राजपुत्र विल्यम यांनी २०१५ ते २०१७ या काळात पूर्व इंग्लंडमधील अशाच एका संस्थेत वैमानिक म्हणून नोकरी केली आणि आपले वेतन धर्मादाय कार्यासाठी दिले.

ऑस्ट्रेलियात १९७३ मध्ये सिडनीच्या समुद्रकिनाऱ्यावर बचाव हेलिकॉप्टर सुरू झाले, तेव्हा एक बँक त्याच्या पाठीशी उभी राहिली. ती बँक ऑफ न्यू साउथ वेल्स, म्हणजेच आजची वेस्टपॅक. स्वित्झर्लंडच्या रेगाने याहून निराळी वाट धरली. तेथे सामान्य कुटुंबे दरवर्षी लहानशी वर्गणी देऊन संस्थेचे आश्रयदाते होतात. सुमारे नव्वद लाख लोकसंख्येच्या त्या देशात अशा आश्रयदात्यांची संख्या तीस लाखांहून अधिक आहे. एका अर्थी अर्धे राष्ट्र नसले, तरी तिसरा हिस्सा राष्ट्र त्या हेलिकॉप्टरचे मालक आहे.

दीर्घ पल्ल्याच्या सायकलफेऱ्या याच व्यवस्थेचा भाग आहेत. ब्रिटनमध्ये कॉर्नवॉलच्या लँड्स एंड या टोकापासून स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरील जॉन ओ’ग्रोट्सपर्यंतचा सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास अनेक जण एखाद्या सत्कार्यासाठी निधी गोळा करीत पूर्ण करतात. स्वार निघण्यापूर्वी आपल्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, कार्यालयातील सहकाऱ्यांना सांगतो, ‘मी इतके अंतर कापणार आहे, तुम्ही या सेवेसाठी इतके द्या.’ घाम त्याचा आणि पैसा इतरांचा, असा हा संकल्प असतो. देणाऱ्याला देण्याचे निमित्त मिळते आणि मागणाऱ्याला मागण्याचा अधिकार मिळतो. स्वतः काही कष्ट सोसल्याखेरीज इतरांपुढे हात पसरणे अनेकांना जड जाते. सायकलफेरीने तो संकोच दूर होतो.

मराठी माणसांच्या दोन कामगिऱ्या

अशा फेऱ्या आपल्या माणसांना परक्या नाहीत. नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोन डॉक्टर बंधू २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या स्पर्धेत उतरले. पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावरील ओशनसाइड येथून निघून वाळवंट, रॉकी पर्वत आणि विस्तीर्ण मैदाने ओलांडत पूर्व किनाऱ्यावरील ॲनापोलिस गाठायचे, असे हे सुमारे ४,८०० किलोमीटरचे अंतर. दोघांच्या संघाला त्यासाठी नऊ दिवसांची मुदत असते. महाजन बंधूंनी ते ८ दिवस, १४ तास, ५५ मिनिटांत पार केले. ही स्पर्धा पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. एक बंधू सायकलवर असताना दुसऱ्याने गाडीत विश्रांती घ्यायची, असा क्रम अहोरात्र चालला. या साहसाला त्यांनी ‘व्हिजन फॉर ट्रायबल’ या उपक्रमाची जोड दिली होती. आदिवासी बांधवांची दृष्टी वाचावी, नेत्रोपचारांसाठी साहाय्य उभे राहावे, हा त्यामागील हेतू होता.

योगायोग असा की ही स्पर्धा जेथे संपते ते ॲनापोलिस मेरीलँडची राजधानी आहे. ज्या राज्यात जखमींसाठी हेलिकॉप्टर धावू लागले, त्याच राज्यात नाशिकच्या या दोन डॉक्टरांची चाके थांबली.

दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच स्पर्धा एकट्याने, ११ दिवस, २१ तास, ११ मिनिटांत पूर्ण केली. एकट्या स्पर्धकासाठी मुदत बारा दिवसांची असते. पुढील वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची सायबेरियातील स्पर्धाही त्यांनी पार केली. ज्या विदर्भात सायकल म्हणजे गरिबाचे वाहन असा समज होता, तेथील तरुण आज २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या फेऱ्या ठरलेल्या वेळेत पूर्ण करू लागले आहेत. दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास आणि सहाशेसाठी चाळीस तास, अशा या आंतरराष्ट्रीय नियमांच्या फेऱ्या असतात. स्वार आहेत, रस्ते आहेत, हौस आहे. या श्रमाला सत्कार्याशी जोडणे तेवढे बाकी आहे.

दान भांडवली आणि दान चालू

हिशेबशास्त्रात भांडवली खर्च आणि महसुली खर्च असे दोन भाग पाडतात. यंत्र विकत घेतले तो भांडवली खर्च. ते चालवण्यासाठी रोज लागतो तो महसुली. दानाच्या बाबतीत आपल्या समाजाचा ओढा पहिल्या प्रकाराकडे आहे, हे मान्य करावे लागेल. रुग्णवाहिका भेट द्यायची म्हटले की दाता पुढे येतो. गाडीवर नाव लिहिले जाते, हार घालून लोकार्पण होते, छायाचित्र छापून येते. त्यात गैर काहीच नाही. त्या गाडीशिवाय सेवा सुरूच होत नाही. परंतु दोन-तीन वर्षांनी हीच गाडी एखाद्या झाडाखाली धूळ खात उभी असल्याचे दृश्य अनेक गावांत दिसते. चालकाला पगार नाही, डिझेलला पैसे नाहीत, प्राणवायूचे सिलिंडर रिकामे, टायर झिजलेले आणि विम्याची मुदत संपलेली. गाडीला दाता मिळाला. डिझेलला मिळाला नाही.

परदेशातील सायकलफेऱ्यांचा खरा धडा येथे आहे. त्या फेऱ्यांचा पैसा मुख्यतः चालू खर्चाकडे जातो. कोणाचेही नाव हेलिकॉप्टरच्या इंधनावर लिहिता येत नाही, तरीही तो पैसा दरवर्षी येतो, कारण तो अनेकांकडून थोडा थोडा येतो.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, साठ स्वारांनी दीडशे किलोमीटरची फेरी काढली. प्रत्येकाने वीस परिचितांकडून किलोमीटरमागे एक रुपया असे वचन घेतले. म्हणजे १,२०० दात्यांचे प्रत्येकी १५० रुपये, एकूण १,८०,००० रुपये झाले. रक्कम चांगली आहे; पण ती एकदाच येणारी आहे. आता याच १,२०० दात्यांनी बँकेला स्थायी सूचना देऊन दरमहा केवळ ५० रुपये वळते करण्याचे ठरवले, तर महिन्याला ६०,००० आणि वर्षाला ७,२०,००० रुपये जमतात. एका रुग्णवाहिकेच्या चालकांचे वेतन, इंधन आणि दुरुस्ती यांचा मोठा भाग अशा रकमेतून भागू शकतो. पहिली रक्कम फेरीचे यश सांगते. दुसरी सेवेचे आयुष्य ठरवते. म्हणून फेरी हा निधीचा शेवट न मानता दात्यांची नोंदणी करण्याचा दिवस मानावा.

हेलिकॉप्टर आणि आपण

मग वाशीम जिल्ह्यानेही हेलिकॉप्टरचे स्वप्न पाहावे काय? भारतात त्या दिशेने पावले पडू लागली आहेत. ऋषिकेशच्या एम्स रुग्णालयाची ‘संजीवनी’ हेलिकॉप्टर सेवा २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. हिमालयातील दुर्गम खेड्यांतून रुग्ण आणण्यासाठी ती उपयोगी पडू लागली. मात्र १७ मे २०२५ रोजी केदारनाथ येथे उतरताना हेच हेलिकॉप्टर अपघातग्रस्त झाले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. परंतु ही सेवा किती नाजूक आहे, हे त्यातून कळले. आपल्या विदर्भात गडचिरोलीच्या जंगलातून जखमी जवानांना हेलिकॉप्टरने नागपूरला हलवले जाते. जेथे रस्ता नाही, नदीला पूर आहे किंवा डोंगर आडवा आहे, तेथे आकाशमार्गाला पर्याय नाही.

जऊळका परिसराची स्थिती वेगळी आहे. येथे रस्ते आहेत. अकोल्याला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. येथे खरी उणीव भासते ती पहिल्या अर्ध्या तासात.

या संदर्भात लंडनचे उदाहरण बोलके आहे. १९८९ पासून तेथे उडणारे जीवरक्षक हेलिकॉप्टर अनुभवी डॉक्टरला थेट अपघाताच्या जागी नेते. २०१२ पासून या पथकाजवळ रक्ताच्या पिशव्याही असतात, म्हणजे रुग्णालयात पोहोचण्याआधीच रक्त देता येते. रात्री हे हेलिकॉप्टर उडत नाही. तेव्हा तोच डॉक्टर, तीच साधने आणि तेच रक्त घेऊन मोटारगाडी धावते. प्राण वाचवणारी गोष्ट म्हणजे वेळेवर पोहोचलेले कौशल्य होय, पंखा हे त्याचे केवळ वाहन. दिवसा हेलिकॉप्टर असो की रात्री मोटार, संस्थेला खर्च दोन्हींचा करावा लागतो आणि दाते दोन्हींसाठी देतात.

आपल्याकडेही दोन चाकांनी हे काम केले आहे. महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ वाहनांसह सुरू झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईच्या गर्दीतून वाट काढण्यासाठी याच सेवेच्या मोटारसायकल रुग्णवाहिका आल्या. मेळघाटासारख्या दुर्गम भागातही त्यांचा उपयोग झाला. पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यातील चहामळ्यातील कामगार करीमुल हक यांची आई रुग्णवाहिका न मिळाल्याने दगावली. पुढे त्यांनी स्वतःच्या मोटारसायकललाच रुग्णवाहिका बनवले आणि खेड्यापाड्यांतील रुग्णांना रुग्णालयात पोहोचवले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. त्यांच्याकडे मोठे भांडवल नव्हते. रोज पेट्रोल घालण्याची तयारी होती.

फेरी काढायची तर

कारंजा, मंगरुळपीर, वाशीम, मालेगाव, जऊळका या वाटेने अशी एखादी फेरी निघू शकते. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही, म्हणून जुन्या रस्त्यांनीच जावे लागेल. गावे लागतात तीही त्याच रस्त्यांवर. डिसेंबर-जानेवारीतील थंडी वऱ्हाडात सायकलीला अनुकूल असते. चैत्र-वैशाखात हा उद्योग कोणी करू नये. स्वारांना हेल्मेट, मागे दिवा आणि सोबत एक साहाय्य वाहन सक्तीचे हवे. जीव वाचवण्यासाठी निघालेल्या फेरीत कोणाचा जीव धोक्यात येता कामा नये.

निधी कशासाठी, हे आधी जाहीर करावे. गावातील उभी असलेली रुग्णवाहिका पुन्हा चालू करणे, तिच्या चालकाला प्रथमोपचाराचे शिक्षण देणे, प्रत्येक गावातील दहा तरुणांना रक्तस्राव थांबवणे, हृदयावर दाब देणे आणि मणक्याला इजा न होता जखमीला उचलणे शिकवणे, ही कामे थोड्या खर्चात होतात आणि पहिला अर्धा तास त्यांनीच तारला जातो.

हिशेब स्वच्छ असावा. फेरीचा खर्च, म्हणजे जेवण, बॅनर, टी-शर्ट, हा प्रायोजकांकडून वेगळा घ्यावा. दात्याचा रुपया त्यात जाऊ नये. प्रत्येकाला पावती द्यावी. प्राप्तिकराची सवलत हवी असेल, तर संस्था नोंदणीकृत हवी आणि दोन हजार रुपयांहून अधिक देणगी रोखीने न देता बँकेमार्फत द्यावी, कारण त्याहून मोठ्या रोख देणगीवर वजावट मिळत नाही. किती किलोमीटर गाडी धावली, किती रुग्ण पोहोचवले, डिझेलला किती लागले, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी गावाच्या फलकावर लावावा. दात्याला आभारपत्रापेक्षा असा तक्ता अधिक समाधान देतो आणि पुढील महिन्याचे ५० रुपये न मागता येतात.

आणखी एक गोष्ट फेरीच्या वाटेवरील प्रत्येक मुक्कामी सांगण्याजोगी आहे. अपघातग्रस्ताला मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीने अनेक जण गाडी थांबवत नाहीत. ही भीती आता निराधार आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्या सज्जनाला कायद्याचे संरक्षण दिले आहे. आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र शासनाच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळण्याची तरतूद आहे. ‘पैसे कोण भरणार?’ या विचाराने जखमीला रस्त्यावर ठेवण्याचे कारण उरलेले नाही.

इतके झाले, तर जऊळक्याच्या स्थानकाबाहेर एखाद्या रात्री कोणी जखमी पडलेला दिसल्यास काय होईल? शिकवलेला एखादा तरुण जखमेवर दाब देऊन बसेल, दुसरा १०८ ला दूरध्वनी करील, आणि ती गाडी दूर असेल तर गावाची गाडी निघेल. तिच्या टाकीत डिझेल असेल, कारण कोणीतरी दरमहा पन्नास रुपये देत आहे.